शाळेची सहल नागपूर अधिवेशनाला: पास, डबे, मोर्चे आणि पाऊण तासाची गॅलरी

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की शाळेत सहलीचा विषय निघतोच. कोणी म्हणतं शेगाव, कोणी चिखलदरा, कोणी रामटेक, आणि मग कोपऱ्यातून एखादे नवीन सर म्हणतात, "यंदा पोरांना अधिवेशन दाखवू ना!" सगळे वा वा म्हणतात आणि सगळं काम त्याच सरांच्या गळ्यात पडतं. आमच्या शाळेत ते सर म्हणजे मी. यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपर्यंत. सातवी-आठवीची पोरं घेऊन आतापर्यंत तीनदा नागपूरला जाऊन आलो, त्यात एकदा आत जायलाच मिळालं नाही, तेही सांगतो पुढे. पहिल्यांदा नेणाऱ्या सर-मॅडमसाठी हे लिहून ठेवतोय, कारण मला पहिल्या वर्षी सांगणारं कोणी नव्हतं आणि मी होत्या नव्हत्या सगळ्या चुका करून बसलो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत बसायला मिळतो फार तर अर्धा-पाऊण तास. त्यासाठी पहाटे पाचला निघायचं, चार तास बसमध्ये काढायचे, दोन ठिकाणी तपासणी. तेवढ्या पाऊण तासावरच सगळी सहल लावली तर पोरं परत येताना विचारतात, "सर, एवढंच होतं काय?" म्हणून मी आखणी अशी करतो की आत गेलो तर उत्तम, नाही गेलो तरी दिवस वाया जाऊ नये.

कुठलं अधिवेशन आणि कुठला दिवस

विधिमंडळाची वर्षाला तीन अधिवेशनं. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, नरिमन पॉइंटच्या विधानभवनात (ती इमारत १९८१ पासून वापरात आहे), आणि हिवाळी नागपूरला. सहलीचा सीझन आणि हिवाळी अधिवेशन दोन्ही डिसेंबरात येतात, हे आपल्या विदर्भवाल्यांचं नशीब म्हणायचं. नागपूरलाच का, हे पोरांना बसमध्ये नको, वर्गातच सांगून ठेवा. नागपूर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, मग १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरचं राजधानीपण गेलं, १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याच्या आधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता, त्यात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं. म्हणजे हे अधिवेशन एका शब्दाची फेड आहे. ती पुरती फिटली की नाही यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज चर्चा चालते, पण पोरांसमोर मी तिथेच थांबतो.

तारखा जाहीर झाल्याशिवाय बस बुक करू नका. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली. उलट २०१८ ला पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतलं तर इतका पाऊस झाला की विधानभवनातच पाणी शिरून लाईट गेली आणि कामकाज थांबलं. त्यामुळे "दरवर्षी असतंच ना" असं धरून पालकांकडून पैसे गोळा करून बसू नका, परत करताना फार नाकी नऊ येतात.

दिवस निवडताना पहिला दिवस टाळा, हे नीट लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी अध्यादेश पटलावर ठेवतात, पुरवणी मागण्या (म्हणजे वाढीव खर्चाच्या) सादर करतात, मग शोकप्रस्ताव, म्हणजे गेलेल्यांना श्रद्धांजली, आणि सभागृह बहुतेक वेळा दिवसभरासाठी तहकूब. मी पहिल्या वर्षी हौसेनं पहिलाच दिवस घेतला होता. पोरं गॅलरीत बसली, शोकप्रस्ताव सुरू झाला, सगळे उभे राहिले, पोरंही उभी राहिली, आणि थोड्या वेळात सगळे उठून गेले. एक पोट्टा म्हणे, "सर, आपण मयतीला आलो होतो काय?" मंगळवार-बुधवार बरा. विधानसभा साधारण अकराला आणि विधान परिषद बाराला बसते, आणि सुरुवातीचा प्रश्नोत्तराचा तास पोरांना सगळ्यात जास्त समजतो, कारण त्यात कोणीतरी विचारतं आणि कोणीतरी उत्तर देतं. विधेयकावरची चर्चा मोठ्यांनाही जड जाते. पण छोट्या अधिवेशनात कधीकधी प्रश्नोत्तराचा तासच ठेवत नाहीत, म्हणून त्या दिवसाचा कामकाजाचा क्रम विधिमंडळाच्या वेबसाइटवर टाकतात तो आदल्या रात्री बघाच.

पास

पासचं काम बस ठरवण्याच्या आधीचं आहे. मुख्याध्यापकांच्या सहीचं, लेटरहेडवर, तारीख-वेळ-संख्या लिहिलेलं पत्र आपल्या आमदारांच्या ऑफिसला द्यायचं, त्यांची शिफारस जाते, पास विधिमंडळाचं सचिवालय देतं. सोबत मुलांची यादी: नाव, वर्ग, वय, आधार. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. आमच्या एका पोरीचं शाळेत एक आणि आधारवर दुसरंच नाव, तिच्या आईला फोन करून ऐनवेळी जी धावपळ झाली ती विचारू नका. यादीच्या चार प्रती काढा, एक ऑफिसला, एक तुमच्याकडे, एक बसमध्ये, एक शाळेत.

आमदार साहेब सहीपुरते, खरं काम त्यांच्या पीएचं असतं. त्याचा नंबर घ्या आणि आठवड्यातून एकदा अगदी गोडीत आठवण करा. अधिवेशनात त्या माणसाकडे रोज शेकड्यानं पासचे तगादे असतात, त्यामुळे चिडू नका. तुमच्या मतदारसंघाचे आमदारच मंत्री असतील आणि ऑफिस दाद देत नसेल तर शिक्षक आमदारांकडे जा. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत, आपल्याकडे नागपूर आणि अमरावती असे दोन, आणि शाळेचं काम म्हटलं की तिथे जरा लवकर हलतं असा माझा अनुभव. (गंमत म्हणजे या शिक्षक मतदारसंघात आपल्या प्राथमिकवाल्यांना मतच नाही, माध्यमिक आणि वरच्यांनाच आहे. पण पास मागायला कोण कशाला लाजेल.)

दोन गोष्टी नवीन लोकांना माहीत नसतात. एक, आवारात जायचा पास वेगळा आणि प्रेक्षक गॅलरीचा वेगळा, दोन्ही हातात आले का ते बघा, आणि गॅलरीच्या पासवर कुठल्या सभागृहाचा, कुठल्या वेळेचा हे छापलेलं असतं. दुसरी, नियम बदलत राहतात. जुलै २०२५ मध्ये मुंबईत विधानभवनाच्या लॉबीतच कार्यकर्त्यांची हाणामारी झाली, त्यानंतर अधिवेशनाच्या काळात बाहेरच्या माणसांना आवारात सोडण्याबद्दल अध्यक्षांनी फार कडक भूमिका घेतली. त्यामुळे पहिला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच: यंदा शाळेच्या मुलांना सोडताहेत का, किती जणांना, आणि किती वयाच्या पुढे? याचं उत्तर लेखी नाही मिळालं तरी चालेल, पण मिळेपर्यंत पालकसभा घेऊ नका.

शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, केंद्रप्रमुखांना पत्र, हे सगळं नेहमीच्या सहलीसारखंच. बस एसटीचीच घ्या, शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात मिळते. दहा पोरांमागे एक शिक्षक आणि मुली असतील तर मॅडम हव्यातच. चाळीसपेक्षा जास्त पोरं नेऊच नका, गॅलरीत जागा थोडी असते आणि गटागटानं सोडतात.

वर्गातली तयारी, म्हणजे अर्धी सहल इथेच

आठवीच्या पुस्तकात राज्यशासनाचा धडा आहे, तो डिसेंबरच्या आधी संपवा. पण धड्यात विधानसभा म्हणजे एक चौकट असते, तिच्यात बाण असतात. पोरांना आवाज ऐकवा. कामकाज यूट्यूबवर लाइव्ह असतं, जुनं पण सापडतं. आम्ही शाळेच्या टीव्हीवर अर्धा तास लावतो आणि मध्ये मध्ये थांबवतो. पहिल्याच मिनिटाला सगळे हसतात, कारण सदस्य उठून म्हणतात, "अध्यक्ष महाराज". पोरांना वाटतं कुठले कीर्तनकार महाराज आले.

मग शब्द. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं उभं राहून द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितचं उत्तर नुसतं लेखी येतं. लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं, मंत्री निवेदन करणार. हरकतीचा मुद्दा म्हणजे हे नियमात बसत नाही असं म्हणणं. तहकूब म्हणजे थांबवलं, बंद पडलं नाही. वेलमध्ये उतरणे म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत येऊन घोषणा देणे. आणि राजदंड, जो अध्यक्षांच्या पुढे ठेवलेला असतो आणि जो विरोधकांनी पळवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. हा शब्द एकदा कळला की पोरं फक्त राजदंडाकडेच बघत बसतात, आज पळवतात की नाही म्हणून.

बैठकीची जागा फळ्यावर काढून दाखवा. सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला, विरोधक डाव्या. यात एक घोळ होतो. पोरं वरून बघतात, अध्यक्षांचं तोंड जिकडे असतं त्याच्या उलट, मग त्यांना डावं-उजवं उलटं दिसतं आणि अर्धी पोरं मंत्र्यांनाच विरोधक समजून बसतात. आमच्या एकानं तर पूर्ण वेळ एका मंत्र्याकडे बघून "हा बरा भांडून राहिला" म्हटलं होतं. वर्गातच एका पोराला खुर्चीवर अध्यक्ष म्हणून बसवा, बाकीच्यांना समोरून बघायला लावा, दोन मिनिटांत कळतं.

आकडे मोजकेच. विधानसभेत २८८, त्यातले ६२ आपल्या विदर्भातले. तिथे उभं राहायला वय २५ पूर्ण, परिषदेला ३०. एक आकडा मात्र जरूर सांगा: गणपूर्ती. सभागृह चालायला एकूण सदस्यांच्या एक दशांश तरी हजर लागतात, म्हणजे २८८ ला २९. हे का सांगायचं, तर गॅलरीतून पहिला धक्का रिकाम्या बाकांचा बसतो. टीव्हीवर कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो, वरून मात्र सगळं दिसतं. पोरांना घंटा वाजली की हजेरी, हे शाळेत पक्कं माहीत, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाकीचे काहून नाही आले सर?" याचं उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं द्या. काही जण समितीच्या बैठकीला असतात, काही मंत्र्यांच्या दालनात कामं घेऊन बसलेले असतात, काही कॅन्टीनला असतात. पोरांना हे कळतं, त्यांचेही मित्र पाणी प्यायला जाऊन अर्धा तास येत नाहीत.

शेवटचं आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे प्रत्येकाला एक काम द्या. गॅलरीत वही-पेन चालत नाही असंच धरून चाला, सगळं डोक्यात ठेवायचं आणि बाहेर आल्यावर लिहायचं. एकानं फक्त अध्यक्षांकडे बघायचं. एकीनं बायका किती बोलल्या ते मोजायचं. एकानं मधल्या टेबलावर बसून भराभर लिहून घेणाऱ्या प्रतिवेदकांकडे बघायचं, ते थोड्या थोड्या वेळानं बदलतात, का बदलतात ते विचार करायचा. एकानं कुठल्या गावांची-तालुक्यांची नावं आली ते लक्षात ठेवायचं. एका वर्षी मी एका मुलीला काम दिलं की मंत्री किती वेळा "तपासून घेऊ" म्हणतात ते मोज. ती बोटांच्या पेरांवर मोजत बसली, एक हात संपला की दुसरा, आणि बाहेर आल्या आल्या माझ्याकडे पळत आली, "सर, अकरा!" मग तिला सांगितलं की मंत्र्यानं सभागृहात "करू" म्हटलं की ते नुसतं बोलणं राहत नाही, ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि ते पाळलं की नाही हे बघायला विधिमंडळाची एक आश्वासन समिती असते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणे, "मग 'तपासून घेऊ' म्हटलं तर?" मला हसूच आलं. एवढं बारीक मी तीन वर्षांत पकडलं नव्हतं.

आदल्या रात्रीची पिशवी

इथे माझी सगळ्यात मोठी चूक झालेली आहे. मी पोरांना सांगितलं होतं दप्तर नको, पण कंपासपेटीचं बोललोच नाही. एका पोरीनं स्वेटरच्या खिशात कंपासपेटी ठेवलेली, त्यात कर्कटक. तपासणीला मशीन वाजलं, लेडीज पोलिसांनी पेटी उघडली, कर्कटक बाहेर काढून वर धरला आणि पोरगी अशी रडायला लागली की जसं काही तिला पकडूनच नेतात. चूक आमचीच होती, त्या बाईंनी उलट तिला समजावलं, पण तेवढ्यात रांग खोळंबली आणि आमची वेळ दहा मिनिटांनी गेली. तर: कर्कटक, ब्लेड, शार्पनर, कात्री, मोठी सेफ्टी पिन, काचेची बाटली, फुगे, झेंडे, पत्रकं, कुठल्याही पक्षाचं बिल्ला-उपरणं, काही नको. टोप्या पण नको, त्यावर काय लिहिलेलं असतं आपलं लक्ष नसतं. आमच्या एका पोराच्या टोपीवर कुठल्यातरी कीटकनाशकाची जाहिरात होती, ती चालली, पण घोषणा असती तर चालली नसती.

मोबाईल गॅलरीत जात नाही, तुमचाही. म्हणून शिक्षकांचे फोन बसमध्ये किंवा बाहेर थांबणाऱ्या एका सरांकडे ठेवायचे, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच सांगून ठेवायची. आम्ही झिरो माईलचा दगड ठरवतो, तो कोणालाही विचारला तरी सापडतो. प्रत्येक पोराच्या खिशात चिठ्ठी: नाव, शाळा, एका सरांचा नंबर. खूप लहान मुलांचं काम वाटतं पण अधिवेशनातल्या गर्दीत आठवीचं पोरगंही हरवतं.

थंडी धरून कपडे. डिसेंबरात पहाटे पाचला बसमध्ये दात वाजतात आणि दुपारी एकला नागपुरात स्वेटर काढून कमरेला बांधावं लागतं. गणवेश घालाच, गणवेशातली पोरं असली की पोलीसही जरा मऊ बोलतात. डबा घरचा, पोळी-भाजी किंवा भाकरी-ठेचा, रस्सा नको.

नागपुरात

बस थेट सिव्हिल लाइन्सपर्यंत न्यायचा हट्ट करू नका. अधिवेशनात विधानभवनाच्या चारही बाजूंचे रस्ते कधी उघडे कधी बंद, ड्रायव्हर दादा चिडतात आणि पार्किंग मिळत नाही. वर्ध्याकडून येत असाल तर बस खापरीला लावा आणि मेट्रोनं झिरो माईलला उतरा, सरळ गाडी आहे, बदलायची गरज नाही. आमच्या निम्म्या पोरांची पहिली मेट्रो तीच असते आणि खरं सांगतो, परत आल्यावर निबंधात विधानसभेपेक्षा मेट्रोच जास्त असते. तिकिटं एकदम काढा, सरकत्या जिन्यावर मुलींच्या ओढण्या सांभाळा. आणि मेट्रो स्टेशनवरच सगळ्यांना बाथरूमला पाठवा. हे फार महत्त्वाचं, त्या भागात मुलींची सोय पुढे मिळणं मुश्किल, आणि गॅलरीतून मध्ये उठता येत नाही.

पासवर लिहिलेल्या वेळेच्या तासभर आधी गेटवर असा. सकाळी अकराच्या आधी विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदारांचं आंदोलन असतं, कोणाच्या गळ्यात संत्र्यांची माळ, कोणाच्या हातात कापसाची बोंडं, कॅमेरेवाले समोर. नशीब असेल तर लांबून दिसतं. एकदा आमच्या पोरांनी बघितलं की घोषणा देणारे एक आणि त्यांच्या विरुद्ध पक्षाचे दुसरे, थोड्या वेळानं दोघं हसत खांद्यावर हात टाकून आत गेले. पोरांना फार राग आला. मी काही समजावलं नाही, म्हटलं बसमध्ये यावर बोलू, आणि बसमध्ये त्यावर तासभर भांडण झालं.

गॅलरीत

टाळ्या नाहीत, हात दाखवणं नाही, पुढे वाकून रेलिंगवर टेकणं नाही, पायावर पाय टाकून बसणं नाही, बोलणं तर नाहीच. गॅलरीतले कर्मचारी बोलत नाहीत, नुसता हात खाली करून दाखवतात, की गप्प. पोरांना ती खूण आधी सांगा. एका वर्षी कोणत्या तरी आमदारांनी सोयाबीनच्या भावावर जोरात भाषण केलं आणि आमच्या पोरांनी, घरचाच विषय, टाळ्या वाजवल्या. मी घामाघूम. लगेच हात खाली झाला, आणि पुढच्यांदा वाजल्या तर सगळ्यांना बाहेर जावं लागेल एवढं कळलं.

आत काय बघायचं हे तुम्ही सांगितलेलंच आहे, आता गप्प बसा आणि त्यांना बघू द्या. आवाजी मतदान झालं तर ते चुकवू नका, अध्यक्ष विचारतात, इकडून "होय", तिकडून "नाही", आणि होयचं बहुमत. एवढं झटकन होतं की कायदा मंजूर झाला हे पोरांना बाहेर आल्यावर कळतं. सभागृह मध्येच तहकूब झालं तर नाराज होऊ नका, दहा-पंधरा मिनिटांनी परत बसतं, पण तुमची वेळ संपली की उठायचं, विनंती करत बसू नका, मागे दुसरी शाळा उभी असते.

बाहेर, जिथे खरं अधिवेशन असतं असं माझं मत

ज्या वर्षी आत जायला मिळालं नाही, त्या वर्षी आम्ही सकाळी गेटवर पोचलो तर पास त्या दिवसाचे निघालेच नव्हते, कुठेतरी पत्र अडकलं होतं. चाळीस पोरं, दोन मॅडम, मी, आणि समोर अख्खा दिवस. मग पोलिसांना विचारून लांबून मोर्चा बघायला गेलो. नागपूर अधिवेशनात मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट अशा ठिकाणी अडवतात, तिथे लोक रस्त्यावर बसतात, मग त्यांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जातं. त्या दिवशी आशा सेविकांचा मोर्चा होता. पोरं दोरीच्या अलीकडे उभी होती आणि अचानक एक पोरगा ओरडला, "सर, आपल्या आशाताई!" आमच्याच गावच्या. ताडपत्रीवर बसून भाकरी खात होत्या, आम्हाला बघून इतक्या चमकल्या की घास हातातच राहिला. मग उठून आल्या, पोरांना मिरचीच्या ठेच्यासकट भाकरीचे तुकडे दिले, आणि चक्क पंधरा मिनिटं सांगितलं की कशासाठी आलोय, रात्री कुठे झोपलो, आणि आत गेलेल्या बाया काय मागणार. एवढ्या वर्षात घरी येऊन डोस पाजणारी बाई हे सगळं करते हे पोरांना माहीतच नव्हतं.

तेव्हापासून आत जायला मिळालं तरी मी मोर्चासाठी अर्धा तास ठेवतोच. पण पोरांना मोर्च्यात घुसवायचं नाही, बाजूनं, पोलीस सांगतील तिथे उभं राहायचं, आणि धक्काबुक्की दिसली की लगेच मागे. गर्दीत काय होऊ शकतं हे त्यांना शेजारीच दाखवता येतं. झिरो माईलजवळ गोवारी शहीदांचं स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, आदिवासी म्हणून सवलती मिळाव्या ही मागणी, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं खूप. तिथे मी फार बोलत नाही. पोरं आकडा वाचतात आणि आपोआप गप्प होतात.

झिरो माईलचा खांब तिथेच. इंग्रजांच्या सर्वेक्षणातला, चार घोडे आणि बाजूला हैदराबाद, जबलपूर, रायपूर, चांदा अशी अंतरं. भारताचा बरोब्बर मध्य म्हणून फोटो काढतात सगळे, ते तसं आता खरं नाही, पण फोटो काढू द्या.

वेळ उरला तर दीक्षाभूमी, राज्यघटनेचा धडा तिथे जास्त चांगला लागतो. किंवा अजब बंगला, १८६३ चं म्युझियम, सोमवारी बंद. दोन्ही करायचा मोह टाळा, पोरं दमलेली असतात आणि परतीला चार तास आहेत. तर्री पोहे मात्र खाऊ घाला, तिखट कमी सांगून, नाहीतर बसमध्ये पाण्याच्या बाटल्या पुरत नाहीत.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी निबंध देऊ नका, सगळे मेट्रोवर लिहितात. आम्ही एकच काम करतो: आपल्या गावासाठी एक प्रश्न, आमदारांना विचारायला, पाच ओळींत. कोणाला विचारायचा, कुठल्या खात्याचा, आणि उत्तर "तपासून घेऊ" असं देता येणार नाही असा लिहायचा, ही अट त्या पेरांवर मोजणाऱ्या मुलीनं टाकलेली. गेल्या खेपेला वर्गानं मिळून निवडला तो नाल्यावरच्या पुलाचा, पावसाळ्यात शाळेचे किती दिवस बुडाले त्याचा हजेरीपटातून काढलेला आकडा जोडून. पत्र पीएकडेच दिलं, पासबद्दल आभाराच्या पत्रासोबत, एकाच पाकिटात. आभाराचं पत्र जरूर द्या, पुढच्या वर्षी परत त्याच माणसाकडे जायचंय. आणि वापरलेल्या पासची एक झेरॉक्स, यादी, पत्राचा मसुदा, बसची पावती हे सगळं एका फाइलला लावून कपाटात ठेवा, म्हणजे तुमची बदली झाली तरी पुढच्या सरांना पीएचा नंबर शोधत फिरावं लागणार नाही.